बडे बाबूंचा पासवर्ड

आपणच चोर बोलवायचा, त्याला सहीशिक्क्यानिशी परवानगी द्यायची आणि वरून चहाही पाजायचा, हे देवसिंग राठोडांना काही केल्या पटत नव्हतं.

"चोर नाही हो बडे बाबू," चेअरमन रामलाल जाधव म्हणाले. "परीक्षा घेणारी पोरगी आहे. एथिकल हॅकर म्हणतात तिले."

"म्हणजे इमानदार चोर."

"तसंच समजा."

"इमानदार आहे तर चोरी कायले करते मंग?"

चेअरमननी पंख्याचं बटण दाबलं, वीज नव्हती, म्हणून ते उठून बाहेर गेले.

पुसदच्या बाहेर कापसातून सरकी काढणाऱ्या एका सहकारी जिनिंगमध्ये देवसिंग हेड क्लार्क होते. पण हेड क्लार्क त्यांना कोणी म्हणत नसे. फाटकावरच्या चौकीदारापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचे ते बडे बाबू. ते वर्ष बोंडअळीचं होतं. गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली होती. एरवी जानेवारीत ज्या आवारात कापसाच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसायची, तिथं त्या वर्षी जिनिंगचेच कामगार दुपारी क्रिकेट खेळत होते. सरकारनं मदत जाहीर केली आणि सभासदांचे अर्ज भरून द्यायचं काम संस्थेनं अंगावर घेतलं. त्यामुळं गावोगावच्या शेतकऱ्यांचे आधार नंबर, खाते नंबर, मोबाइल नंबर असं सगळं बडे बाबूंच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन बसलं होतं.

शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेतून अशीच माहिती कोणीतरी पळवली होती. मग तिथल्या लोकांना फोन यायला लागले. फोनवरचा माणूस नाव घेऊन बोलायचा, बापाचं नाव सांगायचा, गाव सांगायचा. तुमचं अनुदान मंजूर झालं, मोबाइलवर एक नंबर आला असेल तो सांगा, म्हणायचा. एवढं सगळं ज्याला ठाऊक तो सरकारी माणूसच असणार, असं समजून लोकांनी नंबर सांगितले आणि खाती रिकामी झाली. तेव्हापासून चेअरमनची झोप उडाली होती.

बडे बाबूंची झोप वेगळ्याच कारणानं उडालेली होती, तीही बरीच आधीपासून. त्यांची बायको बिजलीबाई मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर गेली. मुलगा पुण्याला. घरात भांड्यांचा आवाजसुद्धा आपणच करायचा, अशी गत. सकाळी ऑफिसात येऊन ते चष्मा लावायचे आणि एका बोटानं कॉम्प्युटरचा पासवर्ड टाइप करायचे. बिजली, आणि पुढं लग्नाचं साल. ती जिवंत होती तेव्हापासून हाच पासवर्ड होता. तेव्हा तो नुसता पासवर्ड होता. आता दिवसातून तेवढ्याच एका वेळी तिच्या नावाची हाक दिली जायची आणि समोरून काहीतरी उघडायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंही.

चोर आली ती दुपारच्या एसटीनं. रुपाली भगत, वणीची. बाप कोळसा खाणीत डंपर चालवायचा, पोरगी नागपूरला शिकून तिथंच एका कंपनीत लागली होती. पाठीवर बॅग, पायात साधी चप्पल. बडे बाबूंनी तिला खालून वर पाहिलं आणि त्यांचा धीर वाढला.

तिनं आधी कागद काढला. काय करीन, काय करणार नाही, सगळं त्यात लिहिलेलं. चेअरमनची सही झाल्याशिवाय तिनं ऑफिसच्या कॉम्प्युटरकडं नजरसुद्धा टाकली नाही.

"काका, घर फोडायच्या आधी चोर काय करते?" तिनं बडे बाबूंना विचारलं.

"मले काय माहीत? म्या कधी फोडलं नाही."

नौशाद खी खी करून हसला. हा नौशाद म्हणजे ऑफिसचा ऑपरेटर. संस्थेची वेबसाइट आणि फेसबुक पान त्यानंच बनवलं होतं, आणि ते तो येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचा.

"गल्लीतून दोन चकरा मारते," रुपालीच म्हणाली. "कोण कधी बाहेर जाते, कुत्रं हाये का, मागचं दार कसं हाये. त्याले रेकी म्हणतात. आमच्या कामातही पहिले तेच. मी ह्या खेपेला फक्त रेकी करणार. कुलपाले हात नाही लावणार."

"किती चकरा मारशील?"

"चकरा मारायले इथं यावंच लागते असं नाही ना काका."

ती गेली आणि बडे बाबू कामाला लागले. कपाटाला दुसरं कुलूप लावलं. चौकीदाराला बजावलं, की अनोळखी बाई दिसली की फाटक लावायचं, मग ती कोणी का असेना. चौकीदारानं ते इतकं मनावर घेतलं की दोन दिवसांनी चेअरमनच्या सख्ख्या साळीला उन्हात उभं ठेवलं. ती संक्रांतीचं वाण घेऊन आली होती. घरी चेअरमनचं काय झालं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत.

आठवडा गेला, दुसरा गेला. रुपाली फाटकाकडं फिरकलीच नाही.

"घाबरली," बडे बाबू नौशादला म्हणाले. "आपला बंदोबस्त पाहून घाबरली."

आणि मग ती आली. चेअरमनच्या खोलीत सगळ्यांना बसवलं, लॅपटॉप उघडला आणि पहिलंच चित्र दाखवलं. चित्र सगळ्यांच्या ओळखीचं होतं. बसस्टँडच्या चौकात चेअरमनच्या वाढदिवसाला लावलेला फ्लेक्स. मधे चेअरमन गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून संस्थेचा अख्खा स्टाफ. फोटो, नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर.

"मी बसमधून उतरली तं हाच समोर होता," रुपाली म्हणाली. "वजनकाट्यावर कोण, कॅशला कोण, कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात, सगळं एका चौकात. चोराले आणखी काय पाहिजे? आता मी ह्या नंबरवर फोन केला, की चेअरमन साहेबांच्या घरून बोलतो, साहेब ॲडमिट हायेत, अमुक सभासदाचा खाते नंबर लवकर द्या, तं तुम्ही नाही देणार?"

सगळ्यांनी दिला असता.

"मोबाइल नंबर टाकले नसते तं लोक रुसले असते," नौशाद म्हणाला. आणि ते खरंही होतं. एका वर्षी फ्लेक्सवर चौकीदाराचा नंबर राहून गेला, तर त्यानं महिनाभर कोणाला रामराम घातला नव्हता.

"आणि तो फ्लेक्स तुम्ही फेसबुकवरही टाकला," रुपाली म्हणाली. "म्हणजे तुमच्या चौकात यायचीही गरज नाही. दिल्लीतला माणूस दिल्लीत बसून वाचते."

मग तिनं एकेक काढलं. नवीन कॉम्प्युटरच्या पूजेचा फोटो. हार, नारळ, उदबत्ती, सगळं छान. पण मागं कॉम्प्युटरचा पडदा चालू, आणि त्यावर कोणतं सॉफ्टवेअर आहे, ते किती जुनं आहे, स्पष्ट वाचता येत होतं. जुन्या सॉफ्टवेअरला कुठं भोक आहे ते इंटरनेटवर जगजाहीर असतं. ऑपरेटर पाहिजे म्हणून दिलेली जाहिरात, तिच्यातही तेच नाव. वेबसाइट नौशादनं स्वतःच्या नावानं नोंदवलेली, त्या नोंदीत त्याच्या घरचा पत्ता आणि नंबर, कोणीही पाहावा.

"माह्या अम्मीचा नंबर हाये तो," नौशाद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

"आणि आवारातला कॅमेरा. तो राखण करायले लावला, पण इंटरनेटवरून त्याचंच दार सताड उघडं. बाहेरून कोणती दारं उघडी हायेत एवढं पाहायची परवानगी मी कागदात लिहून घेतली होती, म्हणून तपासलं. आत नाही गेली."

"बाकी कोठून काढलंस?" चेअरमननी विचारलं.

"हंसाबाईंच्या टपरीवरून."

जिनिंगच्या फाटकासमोर हंसाबाईची चहाची टपरी होती. तिथं रुपाली एकदाच, त्या पहिल्या दिवशी एसटीची वाट पाहत बसली होती.

"मी एक शब्द खोटी नाही बोलली. चहा मागितला. त्या म्हणाल्या, कोणाची वं तू? म्हटलं, वणीच्या भगतांची. म्हणाल्या, माह्या भाच्याची सासुरवाडी वणीलेच हाये. झालं. तिथून पुढं मले विचारायची गरजच नाही पडली. साहेब कधी गावी जातात, किल्ल्या कोणाजवळ असतात, नौशादचं लग्न काहून मोडलं..."

"तेही सांगितलं?" नौशाद ओरडला.

"बिस्किट खाऊ घालून सांगितलं."

खोलीत हशा झाला. चेअरमनसुद्धा हसले. बडे बाबू हसले ते सगळ्यात मोठ्यानं, कारण एवढ्या यादीत त्यांच्या कॉम्प्युटरचं नाव आलं नव्हतं.

चहा झाल्यावर रुपाली त्यांना म्हणाली, "काका, जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात सरकीचा वास होता. ती हळू आवाजात बोलली.

"तुमच्या कॉम्प्युटरले मी हात नाही लावला. पण पासवर्ड काय असंल असा नुसता अंदाज केला. तेवढा तुम्हीच सांगा, बरोबर हाये का. बिजली, आणि पुढं एकोणीसशे त्र्याऐंशी."

बडे बाबूंनी व्हरांड्याच्या खांबाला हात लावला.

"कसं समजलं तुले?"

"तुमच्या फेसबुकवरून. मुलानं उघडून दिलं असंल ना? तुम्ही काकूंचे फोटो टाकता. लग्नाच्या वाढदिवसाले टाकला, त्यात साल हाये. सगळं जगाले दिसते. मी पूर्ण वाचलं काका. कामासाठी एवढं लागत नव्हतं, पण वाचलं." तिनं खोलीच्या दाराकडं पाहिलं. "चेअरमन साहेबांपुढं म्हणून नाही बोलली. पण आजच्या आज बदला. पंधरा दिवसांत मी पुन्हा पाहीन, आणि तेव्हा निघाला तं मले लिहावं लागंल. मंग चेअरमन साहेब हे सगळं काम तुमच्याकडून काढून जिल्ह्याच्या, यवतमाळच्या ऑफिसात देतील."

"बदलतो," बडे बाबू म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "दुसरं काही नाही करता येणार? नाव तेच ठेवून?"

ती काय समजायचं ते समजली असावी. कारण तिनं नियम सांगितला नाही.

"नाव नका ठेवू. पण काकूंचंच काही ठेवा ना. एखादं पूर्ण वाक्य. लांब असलं की बरंच. फक्त ते तुम्ही कोणाले सांगितलेलं नसलं पाहिजे. फेसबुकवर नाही, टपरीवर नाही, पोरालेही नाही."

एवढं सोपं, असं बडे बाबूंना वाटलं. तेहेतीस वर्षांचा संसार. वाक्यांना काय तोटा?

त्यांनी आठवायला सुरुवात केली. ती त्यांना चिडून काय म्हणायची ते आठवलं. मग आठवलं, की ते तर तेराव्यालाच पाहुण्यांना सांगितलं. तिला जिलबी आवडायची, तेही तिखट शेवेसोबत. खात्री करावी म्हणून त्यांनी नौशादला विचारलं, "आमच्या घरच्यांले काय आवडायचं, तुले माहीत असंल का रे?"

"जिलबी अन् शेव," नौशाद मान वर न करता म्हणाला.

बैल मारकुटा निघाला तेव्हा ती काय बोलली, ते हंसाबाईला पाठ होतं. माहेरच्या तांड्यावर भावाशी भांडून काय बोलली, ते चौकीदार नक्कल करून दाखवायचा. बडे बाबू एकेक वाक्य काढत आणि ते कुठं ना कुठं वाटलेलंच निघे. सव्वा वर्षात जो भेटला त्याला त्यांनी बिजलीबाई थोडी थोडी दिली होती. तेव्हा बरं वाटायचं. आता पहिल्यांदा त्यांना धास्ती वाटली, की आपल्यापाशी काही उरलंच नाही की काय.

दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. नौशादला म्हणाले, डोळे आले. नौशादनं डोळे पाहिले, ते चांगले होते, पण तो बोलला नाही.

रविवारी नळाला पाणी आलं. बडे बाबू अंगणात पाणी भरत होते. एक भांडं भरून वाहायला लागलं, ते दुसरं लावायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांना आठवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाचं. तांड्यावरून दोघंच पायी येत होते आणि ती गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, एक वाक्य बोलली होती. वाक्य चांगलं नव्हतं. चारचौघांत सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं, आणि म्हणूनच ते राहून गेलं होतं. बडे बाबू एकटेच मोठ्यानं हसले. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही. पाणी सांडलं."

"मंग हसता काय? नळ बंद करा."

सोमवारी त्यांनी पासवर्ड बदलला. एका बोटानं लिहायला वेळ लागायचा. नौशाद सही घ्यायला उभा राहायचा आणि म्हणायचा, "बडे बाबू, पासवर्ड हाये का पोथी?" पासवर्ड टाकला की मोबाइलवर दुसरा एक नंबर यायचा, तोही टाकावा लागे. तरी त्यांना घाई नसायची.

बाकी ऑफिसही बदललं, पण भांडत भांडत. वेबसाइटवरून सगळ्यांचे नंबर निघाले आणि ऑफिसचा एकच राहिला. नोंदीतून नौशादच्या अम्मीचा नंबर झाकला गेला. सॉफ्टवेअर नवं आलं. कॅमेऱ्याचं दार बंद झालं. फोटो टाकायचा तर आधी मागं काय दिसतं ते पाहायचं, असं ठरलं. महिन्यातून एकदा नौशादनं परका होऊन संस्थेचं नाव इंटरनेटवर शोधायचं आणि काय काय सापडतं ते सांगायचं. फ्लेक्सवर मात्र तीन बैठका झाल्या. शेवटी फोटो मोठे करायचे आणि नंबर काढायचे, यावर तडजोड झाली. चौकीदाराचा फोटो सगळ्यात मोठा आला.

आणि फोनचा एक नियम झाला. कोणी माहिती मागितली की द्यायची नाही. फोन ठेवायचा, आणि आपल्याकडं जो नंबर आहे त्यावर आपण उलट करायचा.

या नियमाचा पहिला फटका चेअरमनलाच बसला. ते उमरखेडला गेले होते, त्यांचा मोबाइल बंद पडला, म्हणून त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून एका सभासदाचा नंबर मागितला.

"तुम्ही ठेवा," बडे बाबू म्हणाले. "मी चेअरमन साहेबांले फोन करतो."

"अहो मीच बोलून राह्यलो ना!"

"आवाज तं तसाच काढला तुम्ही," बडे बाबू म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी चेअरमन तणतणत आले, निम्मं ओरडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली.

पंधरा दिवस होत आले तेव्हा ऑफिसच्या फोनवर एका बाईचा फोन आला. दिग्रसच्या महिला मंडळाकडून बोलते, म्हणाली. तांड्यावरच्या कर्त्या बायकांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढतो आहोत, बिजलीबाईंचं नाव कोणीतरी सुचवलं. काही सांगाल का त्यांच्याबद्दल?

बडे बाबूंनी नियमाप्रमाणं तिचं नाव विचारलं आणि फोन ठेवला. दिग्रसच्या मंडळाचा नंबर त्यांच्याकडं नव्हता. तो नौशादनं शोधून दिला. मंडळ खरंच होतं. त्यांनी तिथं फोन लावला, तर पुस्तकाचं तिथं कोणाला काही ठाऊक नव्हतं.

म्हणजे चोर. बडे बाबू थोडा वेळ फोनकडं बघत बसले. तेवढ्यात तो पुन्हा वाजला. तीच बाई.

"काका, कट झाला वाटते. सांगता ना?"

त्यांनी आवाज आधी ओळखला नव्हता. आता ओळखला, ते काका म्हणण्यावरून. त्यांनी रागानं फोन आपटायला हवा होता. पण गेल्या काही दिवसांत कोणी बिजलीबाईबद्दल विचारलंच नव्हतं. बडे बाबूंनी तोंड उघडलं की नौशादला काम आठवायचं आणि हंसाबाईला दूध उतू गेल्याचा वास यायचा. आणि ही पोरगी समोरून विचारत होती.

त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. जिलबी सांगितली, बैल सांगितला, माहेरचं भांडण सांगितलं. पलीकडून हं, मंग काय झालं, असं येत होतं. एकदा तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. नौशाद दारात येऊन हातवारे करून गेला, त्याला सही पाहिजे होती. बडे बाबूंनी त्याला हातानंच घालवलं.

"एखादं वाक्य सांगा ना," ती म्हणाली. "त्या नेहमी काय म्हणायच्या, गोरबोलीत? पुस्तकात मथळ्याले चांगलं दिसंल."

बडे बाबू थांबले. वाक्य जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती, आणि तिच्या हसण्यात बिजलीबाई क्षणभर खोलीत आली असती. हे त्यांना कळत होतं.

"वाक्यं तं खूप," ते म्हणाले. "तुले चार सांगतो, दहा सांगतो. एक नाही सांगत."

"कोणतं?"

"तेच तं नाही सांगत."

"असं काय हाये त्यात?"

"ते ऑफिसचं काम आहे पोरी. आणि दिग्रसले तुह्या पुस्तकाचं कोणाले माहीत नाही. वणीले आहे का विचारू?"

पलीकडं रुपाली आपल्या नेहमीच्या आवाजात हसायला लागली.

"पास झाले काका तुम्ही. मी आजच लिहून देते. ठेवू फोन?"

"ठेवते काय?" बडे बाबू म्हणाले. "एवढं विचारलंस तं ऐक आता. एकदा तिनं आर्णीची बस अडवली होती, भर रस्त्यात, आडवी उभी राहून. ड्रायव्हर खाली उतरला, आन् मंग..."

नौशाद पुन्हा दारात आला, कान देऊन उभा राहिला, आणि मग कागद बाजूला ठेवून समोरच्या खुर्चीवर बसला. ही गोष्ट त्यानं अजून ऐकली नव्हती.